ट्विन शेअरिंगवाले कांबळेकाका

कांबळेकाका आमच्याकडून दरवर्षी दोन तरी टूर करतात, पण टूर कुठं चाललीय हे त्यांनी कधी धड विचारलेलं मला आठवत नाही. ऑफिसात येतात, पायपुसण्यावर दोन्ही चपला नीट घासतात, माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसतात, रुमालानं मान पुसतात आणि मग विचारतात, "नीलाताई, पार्टनर कोण आहे?"

बाकीच्यांचे प्रश्न मला पाठ आहेत. चालायला किती आहे, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जेवणात कांदा-लसूण असतो का. बसमध्ये पुढची सीट मिळेल ना, मागे बसलं की ह्यांना उलटी होते. परदेशात सकाळी आपला चहा मिळेल का, तिकडचं ते गरम पाणी आणि दोरीला बांधलेली पुडी नको. काकांना यातलं काही नको. शेवटच्या रांगेत बसवा, ताटात काहीही वाढा. फक्त पार्टनर कोण ते सांगा.

हा पार्टनर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्यानं या वयात धंदा काढलाय. मी डोंबिवली पूर्वेला एका टूर कंपनीच्या ऑफिसात बसते. माझं नावापुरतं काम बुकिंग घ्यायचं, पण खरं काम जोड्या लावायचं. एकट्या माणसानं टूर घेतली आणि हॉटेलात अख्खी खोली मागितली, की पैसे जास्त पडतात. ते नको असतील तर मी दुसरा एकटा माणूस शोधते आणि दोघांना एका खोलीत टाकते. याला ट्विन शेअरिंग म्हणतात. वधूवर सूचक मंडळाचंच काम हो, फक्त पत्रिकेऐवजी मी "घोरता का?" एवढंच विचारते. आणि आजवर एकाही पुरुषानं या प्रश्नाला हो म्हटलेलं नाही.

लोक हे ट्विन शेअरिंग नाइलाजानं घेतात. पार्टनर कसा निघेल या धास्तीनं तोंड बारीक करून सही करतात. कांबळेकाका तेवढे खुशीनं घेतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, पेन्शन आहे, एमआयडीसीच्या निवासी भागात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा स्वतःचा फ्लॅट आहे, मुलगा ऑस्ट्रेलियात आहे. सुमनकाकू गेल्या तेव्हापासून फ्लॅटमध्ये एकटेच. परवडत नाही असं काही नाही. उलट एकदा एका टूरला दुसरा एकटा माणूस मिळेना, तर मला म्हणाले, सिंगलचे जे जास्तीचे पैसे घेता ते घ्या माझ्याकडून, पण माणूस द्या. मला हसूच आलेलं.

त्यामुळे काकांच्या डोक्यातला देशाचा नकाशा आपल्यासारखा नाही. त्यांना काश्मीर कसं वाटलं विचारा. दल सरोवर नाही, शिकारा नाही, बर्फ नाही. काश्मीर म्हणजे ठाण्याचे देशपांडे, झोपेत इंग्रजी बोलायचे आणि तेही ऑफिसातल्या साहेबाशी बोलावं तसं, उठून उभे राहून. दुबई म्हणजे शहाडचे म्हात्रे, रात्री उठून पिशवीतली सुकटीची भाजी थंडच खायचे आणि पलीकडच्या खाटेवर "दादूस, घेतस का?" म्हणून वाटी पुढं करायचे. केरळ म्हणजे एक पोस्टमास्तर, त्यांनी बाथरूममध्ये कपडे वाळवायची स्वतःची दोरी बांधलेली, ती निघताना सोडवायला अर्धा तास लागला आणि सगळी बस खोळंबली. बुर्ज खलिफा किती उंच आहे हे काकांना माहीत नाही. म्हात्र्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न कुठं अडलं होतं ते माहीत आहे.

माणसं तपासायची त्यांची स्वतःची पद्धत. एखाद्याबद्दल विचारलं की मान तिरकी करून म्हणणार, "बाहेर ठीक आहे, पण खोलीचा माणूस नाही." किंवा मग, "बाहेर भांडकुदळ, बसमध्ये सगळ्यांशी वाद. पण खोलीचा माणूस, हां." खोलीचा माणूस म्हणजे कोण, तर जो बाथरूमला जाताना मोठा लाइट लावत नाही, आपल्या खाटेवर ओला टॉवेल टाकत नाही, आणि झोपण्यापूर्वी दोन वाक्यं तरी बोलतो. घोरण्याला त्यांचा काही आक्षेप नाही. घोरतो म्हणजे माणूस आहे एवढं तरी कळतं, असं म्हणायचे.

एकदाच मला काकांचा राग आलेला. खरं म्हणजे त्यांचा नाही. एका टूरला मी त्यांची जोडी कल्याणच्या एका गृहस्थांशी लावली. त्या गृहस्थांनी फोनवर पार्टनरचं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि संध्याकाळी त्यांचा परत फोन, की दुसरा कुणी बघा. कारण विचारलं तर म्हणाले, तसं कारण काही नाही. माझं डोकंच सटकलं. मी त्यांना म्हटलं, कारण नसेल तर जोडीही बदलणार नाही, यायचं तर या. ते आले नाहीत. काकांना मी काहीतरी थाप मारली, पण एवढी वर्षं या जगात राहिलेल्या माणसाला काय कळत नाही? ते शांतपणे म्हणाले, "त्यांना खिडकीजवळची खाट हवी असेल हो. मी दिली असती." आणि रुमाल घडी करत बसले.

तर असं सगळं बरं चाललेलं. पण आमच्या धंद्याला आता नवी हवा लागलीय.

आमचे जुने मालक अण्णा. त्यांनी अष्टविनायकाच्या बस सोडून धंदा उभा केला, पिठलं-भाकरी आणि सोबत ढोलकी. आता त्यांचा मुलगा अभय बघतो. अभय हुशार आहे, मी त्याला शाळेच्या हाफ पॅन्टमध्ये बघितलाय, पण हुशार आहे. त्यानं ठाण्याला घोडबंदर रोडवर ऑफिस काढलं, त्याला ऑफिस म्हणायचं नाही, लाउंज म्हणायचं. तिथं गिऱ्हाइकाला कॉफी देतात आणि पडद्यावर समुद्र दाखवतात. यात्रा हा शब्द त्यानं बंद केला. आता ट्रेल म्हणायचं. सहल म्हणायचं नाही, एक्स्पीरिअन्स म्हणायचं. मी सवयीनं सहल म्हणाले की डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो.

त्याचंही खरं आहे, लोकच बदललेत. पूर्वी विचारायचे, किती ठिकाणं दाखवता? आता विचारतात, किती कमी दाखवता? एकाच ठिकाणी चार दिवस पडून राहायचं, त्याला जास्त पैसे. कुणाला जंगलात तंबू हवा, पण तंबूत एसी हवा. कुणाला स्वतःच्या खोलीबाहेर स्वतःचा पोहण्याचा तलाव हवा, पोहता येत नसलं तरी. आणि या सगळ्याचा कंटाळा आला की मग संस्कृती. मुरबाडच्या पुढं आम्ही लोकांना भात लावायला नेतो. ज्यांचे आजोबा त्या चिखलातून सुटायला कल्याणला कारखान्यात लागले, त्यांची नातवंडं त्याच चिखलात उभं राहायला पैसे मोजतात. फोटोसाठी कोरा सदरा आणि इरलं आम्हीच देतो. हसू नका, बुकिंग फुल असतं.

तर अभयनं ठरवलं की जुन्या गिऱ्हाइकांचा सत्कार करायचा. ठाण्याला एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, आणि सगळ्यात जास्त टूर केलेले म्हणून कांबळेकाकांना स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ आणि उदयपूरची लक्झरी टूर कंपनीतर्फे भेट. काका पांढऱ्या शर्टात, इस्त्री कडक, अगदी लाजून उभे. अभयनं माइक पुढं केला, दोन शब्द बोला म्हणून. काकांनी माइक हातात घेतला आणि विचारलं, "पार्टनर कोण आहे?"

हॉल हसायला लागला. अभयही हसला. म्हणाला, काका, आता पार्टनरची कटकटच संपली, तलावाकडे तोंड असलेली अख्खी खोली तुमच्या एकट्याची. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पहिल्या रांगेत होते, मला काकांचा चेहरा दिसत होता. बक्षीस मिळालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. बदली झालेल्या माणसाचा होता.

उदयपूरला काय झालं ते मला तिथल्या टूर मॅनेजरकडून कळलं. सचिन म्हणून आमचा मुलगा आहे, त्याचा दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन, आवाज रडवेला. म्हणाला, मॅडम, कांबळेकाका खोलीत नाहीत. सगळं हॉटेल शोधलं, तलावाच्या काठानं फिरून आलो, माझ्या मनात नको नको ते आलं. आणि शेवटी सापडले कुठं, तर हॉटेलच्या मागं ड्रायव्हर लोकांची झोपायची खोली असते तिथं. लोखंडी खाटांवर बसचे ड्रायव्हर आणि क्लीनर ओळीनं झोपलेले, आणि मधल्या खाटेवर आमचे काका, उशाला घडी केलेला शर्ट.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी काकांना उशांचं मेन्यू कार्ड आणून दिलं होतं म्हणे. पिसांची उशी, कापसाची उशी, मानेच्या दुखण्याची उशी, कुठली घेणार. टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवलेला. बाथटबमधून तलाव दिसायचा. काकांनी हंस उचलून खुर्चीवर ठेवला, दार लावलं, आणि थोड्या वेळानं दार उघडून बाहेर आले ते आलेच. सचिननं विचारलं तर म्हणाले, एसी फार गार होता.

तीनही रात्री ते तिथंच झोपले. तिसऱ्या सकाळी मागच्या गेटमधून दात घासत येताना टूरमधल्या एका बाईंनी बघितलं. त्यांनी फोटो काढला आणि टूरच्या ग्रुपवर टाकला, की लक्झरीच्या नावाखाली तुम्ही ज्येष्ठ नागरिकांना ड्रायव्हरच्या खोलीत झोपवता का? मग काय विचारता. अभय दोन दिवस फोनवर माफ्या मागत होता. आणि टूर परत आल्यावर त्यानं नवा नियम काढला. यापुढं जोड्या लावणं बंद. एकटा माणूस म्हणजे एकटी खोली, जास्तीचे पैसे भरायचे, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे जायचं. एकतर हल्ली कुणाला अनोळखी माणसाबरोबर राहायचं नसतं, आणि राहिले तर तक्रारी. मलाही त्यात खोटं काही दिसेना. काम कमीच झालं असतं माझं.

कांबळेकाका पुढच्या आठवड्यात आले. चपला घासल्या, बसले, मान पुसली आणि प्रश्न विचारला. मी त्यांना नियम सांगितला. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग पाणी मागितलं.

मी त्यांना रागावलेच जरा. म्हटलं, अहो काका, लोक जीव टाकतात अशा खोलीसाठी, आणि तुम्ही ड्रायव्हरांत जाऊन झोपता. तुम्हाला अंधाराची भीती वाटते का? वाटत असेल तर सांगा, त्यात लाजायचं काय.

"भीती कसली," काका म्हणाले. "सकाळी उठल्यावर कुणीतरी विचारायला पाहिजे हो, झोप लागली का म्हणून. बास, तेवढंच."

मग सांगत बसले. शहाडला चाळीत एका खोलीत सगळी भावंडं ओळीनं झोपायची, आई सकाळी चुलीशी बसून एकेकाला विचारायची, लागली का झोप. लग्न झाल्यावर सुमनकाकू विचारायच्या. भांडण झालं तरी विचारायच्या, भिंतीकडे तोंड करून विचारायच्या. घरात दुसरं माणूस नसलं की दिवस सुरू झाला हेच कळत नाही, असं काका म्हणाले. मुलगा फोन करतो, पण तो गोळ्या घेतल्या का विचारतो. तिकडं तेव्हा दुपार असते, त्याच्या डोक्यात झोप येणार कशी? आणि ट्विन शेअरिंगची गंमत अशी, की माणूस कितीही परका असो, कितीही तिरसट असो, सकाळी समोरच्या खाटेवरून एवढं विचारतोच. ड्रायव्हर लोकांनीही विचारलं, "नींद आयी, बाबूजी?"

मी काउंटरखाली काहीतरी शोधायचं नाटक केलं. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

त्यानंतर काकांनी स्वतःच एक प्रयोग केला. आमच्या त्या भात लावणीच्या पत्रकावर छापलं होतं, गावातल्या कुटुंबात त्यांच्यातलंच एक होऊन राहा. काकांना वाटलं, ओसरीवर सगळे ओळीनं झोपत असतील. माझ्याशी न बोलता परस्पर ठाण्याहून बुकिंग केलं. गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत. गावातल्या त्या घरवाल्यांनी शहरच्या पाहुण्यांसाठी मागच्या अंगणात वेगवेगळ्या खोल्या बांधल्यात, बाहेरून शेण आणि आतून टाइल्स. काकांना त्यातली एक दिली आणि सांगितलं, दार लावून घ्या, कुणी डिस्टर्ब करणार नाही. घरातली माणसं मात्र आपल्या ओसरीवर ओळीनं झोपली होती. ते खोलीच्या खिडकीतून दिसत होतं, काका म्हणाले.

मग वाराणसी, सारनाथ, गया, बोधगया अशी टूर निघाली. नव्या भाषेत ट्रेल. काकांना बोधगयेला जायचंच होतं. सुमनकाकूंना न्यायचं राहून गेलेलं, घर घेतलं, मग मुलाचं शिक्षण, मग काकूंची तब्येत. पण सिंगल खोलीत काका येणार नाहीत हे मला माहीत होतं. मी अभयकडे गेले. म्हटलं, एकदा नियम मोड, माझ्यासाठी. त्यानं कुरकुर केली आणि म्हणाला, पार्टनर तू शोध, दोघांकडून लिहून घे, हॉटेलला नावं पाठवायच्या आत सापडला तर ठीक, नाहीतर काकांचं कॅन्सल.

मला वाटलं, त्यात काय, जुने पार्टनर आहेतच. लावले फोन. देशपांड्यांच्या सुनेनं उचलला, ते गेले म्हणाली, पावसाळ्यातच. म्हात्रे मुलीकडे नाशिकला असतात, ओळखत नाहीत आता कुणाला. पोस्टमास्तर म्हणाले, यायला आवडेल, पण मुलगा सिंगल रूमशिवाय पाठवत नाही, इन्फेक्शन होतं म्हणतो. एकेक नंबर लावत गेले आणि माझा मूड जात गेला. एवढी वर्षं मी एवढ्या जोड्या लावल्या आणि त्यातलं कुणी उरलं नव्हतं. काका रोज येऊन पाणी पिऊन जायचे. विचारायचे नाहीत, मी मान हलवायचे.

हॉटेलला नावं पाठवायची वेळ अगदी तोंडावर आली आणि वर्तकनगरहून एक बाई आल्या. सोबत वडील, पेठे नावाचे. त्यांना गयेला बायकोचं पिंडदान करायचं होतं. मुलीला बँकेतून रजा नाही, एकट्याला खोलीत ठेवायची भीती, सोबत कुणी मिळालं तर बघा म्हणाल्या. माझ्या अंगावर काटाच आला आनंदानं. मग हळू आवाजात म्हणाल्या, बाबांना जरा कमी ऐकू येतं. त्यावर पेठे मुलीच्या शेजारून ओरडले, "किती वाजता निघते?" आणि बाहेर रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

कमी कसलं, ठार बहिरे. कानात मशीन होतं. ते घातलं की मोठ्यानं बोललेलं कळायचं. पण झोपताना काढून डबीत ठेवायचं आणि सकाळी अंघोळ झाल्यावरच लावायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे खोलीत असताना माणूस दगड. मी काकांना फोन करून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तुमची सकाळ तर यांच्यासमोर फुकट जाणार.

"विचारतील ना?" काका म्हणाले.

मी म्हटलं, विचारायला तोंड आहे त्यांना, चांगलं खणखणीत आहे. पण तुम्ही सांगाल ते कळायचं नाही.

"चालेल," काका म्हणाले. "लिहा नाव."

टूर गेली आणि आली. सचिनकडून मला थोडं थोडं कळत होतं. गयेला पेठ्यांनी नदीत उतरताना मशीन काढलं, तर काका ते तळहातावर घेऊन, दुसऱ्या हातात पेठ्यांच्या चपला, विधी संपेपर्यंत उन्हात उभे. बोधगयेला काका झाडाखाली डोळे मिटून बसले, तर पेठे मांडी घालून शेजारी. सगळीकडे अगदी शांत, देशोदेशीचे भिक्खू बसलेले, आणि पेठ्यांनी विचारलं, इथं प्रसाद काय देतात? म्हणजे त्यांच्या मते हळूच विचारलं. एक जपानी बाई दचकून उठल्या.

परत आल्यावर दोन दिवसांनी काका ऑफिसात आले. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. मला वाटलं खुशीत असतील. चपला घासल्या, बसले, रुमाल काढला आणि नुसता हातात धरून राहिले. मी विचारलं, पार्टनर कसा होता? खोलीचा माणूस?

काका म्हणाले, फार. रोज सकाळी डोळे उघडले की पेठ्यांचं पहिलं काम ते. एवढ्या मोठ्यानं विचारायचे की पलीकडच्या खोलीतून उत्तर यायचं, हो हो लागली, म्हणून. मी हसले. काकाही थोडे हसले.

"पहिल्या दिवशी मीपण म्हटलं, लागली," काका म्हणाले. "ते म्हणाले, छान छान. मग माझ्या लक्षात आलं, यांना मी काहीही सांगितलं तरी छानच म्हणणार. दुसऱ्या दिवसापासून मी खरं सांगायला लागलो."

काय खरं, मी विचारलं.

"नाही लागली म्हणून. सुमन गेल्यापासून लागतच नाही हो. एवढे पार्टनर झाले, सगळ्यांनी विचारलं, सगळ्यांना मी लागली सांगत आलो. माणूस चांगल्या मनानं विचारतो, त्याची सकाळ कशाला खराब करा." त्यांनी रुमालाची घडी मोडली. "शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात तिनंपण विचारलं. नळ्या होत्या, आवाज नव्हता, ओठांनी विचारलं. मी रात्रभर तिच्याकडे बघत बसलेलो. म्हटलं, लागली, तू काळजी करू नको. दुपारी गेली ती. तिला मी खोटं सांगितलं, हे एवढी वर्षं कुणाला बोललो नाही. सारनाथला सकाळी पेठ्यांना सांगितलं."

मला विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. ते काय म्हणाले?

"छान छान म्हणाले. आणि चिवड्याचा डबा पुढं केला."

वर पंखा फिरत होता. इतकी वर्षं मी या माणसाला दुसऱ्याच्या खोलीत टाकत आले, फॉर्मवर घोरता का लिहून घेत आले. आणि हा साधा प्रश्न माझ्या तोंडून कधी आला नव्हता, कारण आपण कुणाला खुर्चीत बसलेलं बघून तो विचारत नाही. मी काउंटरला वळसा घालून गेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"काका," मी म्हटलं, "काल रात्री झोप लागली का?"

त्यांनी सवयीनं हो म्हणायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मला ऐकू येतं हे त्यांना माहीत होतं.

"नाही," ते म्हणाले. "नाही लागली, नीलाताई."